हजेरीपटावरची कर्णधार



तंजावूरला बदली झाली की मराठी माणसाकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख बघायचा, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीची बाडं बघून उसासा टाकायचा, आणि घरी फोन करून सांबाराची गोष्ट सांगायची. मी तिन्ही पहिल्याच महिन्यात उरकल्या. त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत. आजचा विषय मला एका भिंतीवरच्या पोस्टरवरून सुचला.

पोस्टर बास्केटबॉल स्पर्धेचं होतं. मला तमिळ वाचता येतं, पण बसची पाटी वाचून होईपर्यंत बस निघून जाते, इतपतच. तेव्हा चहा पीत पीत सगळं वाचलं. तमिळनाडूच्या या पट्ट्यात या खेळाचं वेड आहे, हे इथे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. कोईमतूर, करूर, पेरियाकुलम अशा ठिकाणी निमंत्रित संघांच्या अखिल भारतीय स्पर्धा भरतात. सामने संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत दिव्यांखाली चालतात, कारण दिवसा इथे कोर्टवर पाय ठेववत नाही. माणसं जेवून, पोरांना घेऊन सामना बघायला येतात. आपल्याकडे कबड्डीला येतात तशी.

माझं लक्ष गेलं ते संघांच्या नावांकडे. इंडियन ओव्हरसीज बँक. आयसीएफ, म्हणजे चेन्नईचा रेल्वे डब्यांचा कारखाना. इन्कम टॅक्स. एअर फोर्स. आर्मी. आणि भारतीय नौदल, लोणावळा! अमेरिकेत संघ शहरांचे असतात: शिकागो, बोस्टन, लॉस एंजेलिस. आपल्या धावफलकावर कार्यालयं एकमेकांशी खेळतात. आयकर विरुद्ध बँक असा सामना लिहिलेला बघून हसू येतं खरं, पण भारतातल्या बास्केटबॉलचा सगळा इतिहास त्या पाटीत आहे.

खेळ इथे आला कसा, ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या शाळेतल्या जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना छपराखाली दमवण्यासाठी तो काढला. पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, म्हणून नाव बास्केटबॉल. वायएमसीए जिथे गेली तिथे खेळ गेला. मद्रासमध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं आणि तिथून शिकून गेलेल्या पी.टी. मास्तरांनी दक्षिणेतल्या शाळाशाळांत रिंगा उभ्या केल्या. राष्ट्रीय स्पर्धा १९३४ पासून, महासंघ १९५० पासून. आपल्याकडे मुंबईत नागपाडा हे या खेळाचं माहेर. तिथले गुलाम अब्बास मुंतसिर साठ-सत्तरच्या दशकांत भारताचे कर्णधार होते, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते. नागपाड्यातल्या जुन्या माणसांना त्यांचं नाव काढलं की सामन्याचं वर्णन थांबवावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. ‘निवृत्त व्यावसायिक बास्केटबॉलपटू’ हे शब्द अमेरिकेत उच्चारले की डोळ्यांपुढे करार, दलाल, बंगला आणि पुढे दूरदर्शनवरची समालोचकाची खुर्ची येते. भारतात ही व्यक्ती कोण? गेले काही आठवडे हा प्रश्न घेऊन मी बसलो आणि माझ्या पोस्टिंगच्या राज्यातच त्याचं उत्तर मिळालं: अनिता पॉलदुराई.

जन्म २२ जून १९८५, चेन्नई. शाळकरी वयात रायझिंग स्टार या क्लबमध्ये संपत या प्रशिक्षकांच्या हाताखाली सुरुवात. २००१ मध्ये, सोळाव्या वर्षी, भारताच्या वरिष्ठ संघात. एकोणिसाव्या वर्षी कर्णधार. २००१ ते २०१७ या काळात त्या नऊ आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खेळल्या; दुसऱ्या कुठल्याही भारतीय खेळाडूच्या नावावर हा आकडा नाही. राष्ट्रीय स्पर्धांमधली पदकं तीस. २०१३ मध्ये दोहाला तिघींच्या संघाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२१ ची पद्मश्री. अर्जुन पुरस्कार मात्र नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बारीकसारीक मेडल राहिलं आणि वरचं थेट छातीवर आलं. हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना असे दोन-चार किस्से स्वतःच्या युनिटमधलेच आठवतील.

या सोळा वर्षांत त्यांचा पगार कुठून येत होता? दक्षिण रेल्वेकडून. म्हणजे माझ्या खोलीतून रात्री ज्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात, त्याच तंजावूर जंक्शनच्या रेल्वेकडून.

रेल्वेचं क्रीडा मंडळ १९२८ पासूनचं आहे. पद्धत साधी आहे. खेळाडू कोट्यातून भरती करायची, लिपिक किंवा तिकीट तपासनीस म्हणून नेमणूक द्यायची, सकाळी हजेरीपटावर सही, मग सरावाला मोकळीक, स्पर्धा आणि शिबिरासाठी खास रजा, मोठं पदक आणलं तर बढती. धोनी खरगपूरला तिकिटं तपासत होता हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकला तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसच होता. महिला बास्केटबॉलमध्ये तर रेल्वेने वर्षानुवर्षं राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्यांना फार काही शिल्लक ठेवलेलं नाही, कारण देशातल्या बहुतेक चांगल्या मुली शेवटी त्याच हजेरीपटावर येतात.

मला अनिता पॉलदुराईंच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा भाग पदकांचा वाटत नाही. बाळंतपणानंतर त्या परत आल्या आणि पुन्हा भारताकडून खेळल्या, तो वाटतो. बास्केटबॉल हा उडीचा आणि वळण्याचा खेळ आहे. अठ्ठावीस मीटर लांब कोर्टवर चाळीस मिनिटं धावायचं, थांबायचं, पुन्हा सुटायचं. रिंग तीन मीटरच्या वर. आपल्याकडे निम्मी कोर्टं सिमेंटची. प्रत्येक उडी गुडघ्यावर उतरते. खडकवासल्याला उंचीच्या भांडवलावर मी स्क्वाड्रनच्या संघात घुसलो होतो, तेव्हा दोन टर्ममध्येच गुडघ्यांनी मला बाकावर बसवलं; आजही पावसाळ्यात ते आठवण देतात. तिशीतली बाई, अंगावरचं मूल सांभाळून, त्या सिमेंटवर परत उतरते याचा अर्थ मला कळतो. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला महिला आशिया कपच्या ब गटात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात प्रवेश मिळवला. दोन गुणांचा सामना. त्या संघात त्या होत्या.

जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीवर असं पुनरागमन होत नाही. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्याला २००८ पासून १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा आहे. ती संपल्यावर जागा तिथेच असते, हजेरीपटावर नाव तसंच असतं. करारावर खेळणाऱ्या बाईला क्लब अभिनंदनाचा फोन करतो आणि करार संपवतो. जगभर अनेक खेळाडू बायका मातृत्वानंतर परतण्यासाठी भांडल्या ती लढाई प्रायोजकांशी होती. आपल्याकडे ज्या सरकारी नोकरीला आपण कंटाळवाणी म्हणतो, तिने ही एक गोष्ट गुपचूप करून ठेवली आहे. मला याचं श्रेय द्यावंसं वाटतं, कारण ते कोणी देत नाही.

अनितांच्याच वयाची आणखी एक खेळाडू त्याच दक्षिण रेल्वेची. केरळची गीतू अ‍ॅना जोस, सहा फूट दोन इंच. २००६ ते २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळली; तिथल्या क्लबकडून खेळणारी पहिली भारतीय महिला. २०११ मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधल्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली नाही. ती परत आली आणि भारतासाठी, रेल्वेसाठी खेळत राहिली. २०१४ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. मला या गोष्टीत ‘परत आली’ हे शब्द महत्त्वाचे वाटतात. परत यायला जागा होती.

याच्या शेजारी सतनाम सिंगची गोष्ट ठेवा. पंजाबातल्या बल्लो के गावचा सात फूट दोन इंचांचा मुलगा. लुधियानाच्या अकादमीतून फ्लोरिडाला शिष्यवृत्तीवर गेला, २०१५ मध्ये डॅलस मॅव्हेरिक्सने बावन्नाव्या क्रमांकावर त्याला निवडलं. एनबीएच्या निवडीत नाव आलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा पानं भरली होती. एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. धाकट्या लीगमध्ये दोन हंगाम, मग भारत, मग कॅनडा, मग २०२० मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी. आज तो अमेरिकेत कुस्तीच्या करमणुकीच्या आखाड्यात उतरतो. त्याला मी नावं ठेवत नाही. पोट भरण्याचा तोही धंदाच आहे आणि अंगमेहनतीचा आहे. पण ज्याला आपण खऱ्या अर्थाने ‘व्यावसायिक’ म्हटलं, त्याची बास्केटबॉलची कारकीर्द तिशीच्या आतच आटोपली. आणि जिला आपण ‘रेल्वेतली नोकरदार’ म्हटलं, ती सोळा वर्षं देशासाठी खेळली.

इथे तंजावूरचा इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे इथे गादीवर आले. पुढे १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीला दिला आणि त्यांना वर्षाला एक लाख पॅगोडा अधिक महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. सरळ भाषेत, राजा पेन्शनर झाला. आणि त्या पेन्शनवर त्याने काय केलं? ग्रंथ जमवले, वैद्यक जमवलं, आणि गाणारे-नाचणारे-वाजवणारे पदरी ठेवले. चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ, ज्यांनी आजच्या भरतनाट्यमची मांडणी घालून दिली, ते याच दरबारचे. म्हणजे तेही हजेरीपटावरचेच. त्यांनी रोज किती तिकिटं विकली हे कोणी विचारत नव्हतं. रियाजाला वेळ होता, शिष्य ठेवायला घर होतं.

पण दरबारी नोकरीचं दुसरं अंगही याच भावांच्या चरित्रात दिसतं. वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेला. तिथे १८३४ मध्ये त्याला हस्तिदंती व्हायोलिन मिळालं. चिन्नैया म्हैसूरला गेला. कलावंताला जायचं असेल तर एका दरबारातून दुसऱ्या दरबारात, एवढंच. उघड्या बाजारात त्याच्या कलेला गिऱ्हाईक नव्हतं. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाशिवाय वारले, कंपनीने संस्थान खालसा केलं, आणि मग गाणं-वाजवणं हळूहळू मद्रासच्या दिशेने सरकलं. आश्रयदाता गेला की खेळ उठतो.

बास्केटबॉलचं नेमकं हेच दुखणं आहे आणि इथे मी रेल्वेचं कौतुक थांबवतो. पगार कार्यालयातून येतो, म्हणून प्रेक्षकाची गरज कोणालाच वाटत नाही. तिकीट नाही, गल्ला नाही, खेळाडूची बाजारात किंमत नाही. खेळाडूला संघ बदलायचा तर नोकरी बदलावी लागते. कार्यालयाने भरती गोठवली की त्या वर्षीची एक पिढी घरी जाते, मग ती कितीही गुणी असो. नागपाड्याच्या गल्लीतल्या पोराला नोकरी मिळाली तर तो खेळाडू, नाही मिळाली तर विसाव्या वर्षी दुकानात. पुरुषांच्या संघाने १९७५ मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला होता. त्याच्या पुढे आपण गेलेलो नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकला गेलो, तेही बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला म्हणून, आणि सगळे सामने हरून बारावे आलो. २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग निघाली, खेळाडूंना पहिल्यांदा करार दिसले, आणि २०१७ मध्ये ती बंदही पडली. त्या लीगमध्ये खेळणारे पुष्कळसे नंतर काय करू लागले? आपापल्या खात्यात रुजू झाले. खातं होतं म्हणून.

आता आपल्या घरची गोष्ट. एकेकाळी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाचा दबदबा होता. १९६७ चे अर्जुन पुरस्कार विजेते खुशी राम सेनादलाकडूनच नावारूपाला आले. आज पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये ऑलिम्पिक पदकाची आशा असलेले खेळ आहेत: तिरंदाजी, मुष्टियुद्ध, कुस्ती, अ‍ॅथलेटिक्स वगैरे. बास्केटबॉल त्यात नाही. हिशेबाने बघितलं तर बरोबर आहे. बारा जणांना पोसून एक पदक, तेही लांबचं, त्यापेक्षा एक तिरंदाज परवडतो. बीडच्या अविनाश साबळेसारखा गडी महार रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून येतो, सियाचिन करतो, आणि मग स्टीपलचेसमध्ये देशाचं नाव काढतो, तेव्हा तर हिशेब आणखीच पक्का वाटतो. तरीही सांघिक खेळाने पलटणीला जे मिळतं ते पदकतालिकेत येत नाही, असं माझं मत आहे. मत माझं, खात्याचं नव्हे.

माझ्या कंपनीत एक हवालदार होता, सातारा जिल्ह्यातला, सहा फूट तीन इंच. सेनादलाच्या शिबिरांत त्याची दहा-अकरा वर्षं गेली. चौतिसाव्या वर्षी गुडघा गेला आणि तो युनिटमध्ये परत आला. नकाशावाचन विसरलेला, केडर कोर्समध्ये त्याच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान पोरं पुढे. पहिले काही महिने तो कोणाशी बोलायचा नाही. मग एक दिवस आमच्या सुभेदारसाहेबांनी त्याला भरतीत नव्याने आलेल्यांची पी.टी. दिली. साहेबांचा हेतू त्याला कामाला लावणं एवढाच असावा. त्याने पोरांना पळवलं नाही. उडी मारून खाली कसं उतरायचं ते आठवडाभर शिकवलं. गुडघा वाकवून, टाच न आपटता, आवाज न करता. त्या वर्षी आमच्याकडे पायाच्या दुखापती कमी झाल्या, हे मी डॉक्टरसाहेबांच्या रजिस्टरमध्ये स्वतः बघितलं. आज तो पेन्शन घेऊन गावाजवळच्या शाळेत मुलांना खेळ शिकवतो. महिन्याच्या एक तारखेला पैसे खात्यात येतात, म्हणून शाळा किती देते याची त्याला फार पर्वा नाही.

निवृत्त खेळाडूचा प्रश्न पैशाचा आहे तितकाच तो पस्तिसाव्या वर्षी सकाळी उठून कुठे जायचं याचा आहे. फौजी माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. रेल्वेतल्या खेळाडूला जायला टेबल असतं, पण तिथेही खेळायच्या वर्षांत खात्याच्या परीक्षा राहून गेलेल्या असतात आणि मागून आलेले साहेब झालेले असतात. कालपर्यंत जिच्या हाकेवर पाच जणी धावत होत्या, तिने फायलीवर शेरा मारायला शिकायचं. नुसती नोकरी दिली की खात्याचं काम संपलं, असं मला वाटत नाही. प्रशिक्षक म्हणून रीतसर पद, रीतसर चढती श्रेणी हवी, आणि ते पद खेळ सोडायच्या आधी दोन वर्षं ठरलेलं हवं. आम्ही अधिकाऱ्याची बदली ठरवताना त्याच्या जागी येणारा कोण हे आधी लिहितो. खेळाडूच्या बाबतीत तो खेळ सोडून कुठे जाणार, हे आधी लिहायला काय हरकत आहे?

इथल्या एनसीसीच्या मुलींमध्ये दोघी-तिघी बास्केटबॉल खेळतात. त्यांतल्या एकीला अनिता पॉलदुराई तोंडपाठ आहेत; कुठल्या वर्षी कुठला सामना, सगळं. महाराष्ट्रातलं कोणी ओळखतेस का म्हणून विचारलं तर क्षणात म्हणाली, “शिरीन लिमये, पुणे. भारताची कर्णधार.” मला आपल्या पुण्याच्या मुलीची माहिती तंजावूरच्या पोरीकडून मिळाली. तिचे वडील मोटारसायकली दुरुस्त करतात. खेळू दे म्हणतात, पण नोकरी लागणार असेल तर. मी त्यांना दक्षिण रेल्वेच्या खेळाडू कोट्याची जाहिरात वाचून दाखवली: वय, पात्रता, कुठल्या स्तरावरची स्पर्धा धरली जाते. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पगार किती, आणि गुडघा गेला तर नोकरी जाते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं दिल्यावर त्यांनी हात पुसले आणि अर्ज मागितला.

चाचणी पुढच्या महिन्यात चेन्नईला आहे. प्रमाणपत्रांच्या प्रती काल मी साक्षांकित करून दिल्या.